लहान मुलीचे कपडे घेताना आपण नेमकं काय बघतो?

राजारामपुरीची आई
नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरात महाद्वार रोडवर खणाची परकर-पोलकी टांगलेली दिसतात, आणि शेजारच्याच दुकानात पाच वर्षांच्या मुलीसाठी ऑफ-शोल्डर टॉप. दोन्हीकडे ती दिसेल कशी, एवढंच बघून आपण खरेदी करतो. तिला त्यात पळता येईल का, उकिडवं बसता येईल का, हे कोण बघतं? मुलांच्या चड्डीला दोन खिसे, मुलींच्या लेगिंगला एकही नाही. बालवाडीतल्या पोरीने रुमाल आणि चिंचोके ठेवायचे कुठे? मी माझ्या मुलीला भाच्याचे शर्ट-पँट घालते. त्यावरून घरात रोज बोलणी खाते, "पोरासारखी का ठेवलीस?" तुमचं मत सांगा.

करवीरचे आजोबा
ताई, खिशाचं पटलं. पण परकराला त्या टॉपच्या रांगेत बसवू नका. घेरदार परकरात मांडी घालता येते, झिम्मा-फुगडी खेळता येते. खाली दुमड घालून शिवला की पोर वाढेल तसा उसवून लांब करता येतो. माझी नात अंबाबाईच्या दर्शनाला परकर घालूनच निघते, कोणी जबरदस्ती करत नाही. आपली चालरीत पोरांना अंगावर घालूनच कळते.

शिलाईवाल्या काकू
आजोबा, तुमच्या वेळचा खण सुती-रेशमी, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडचा. आता माझ्याकडे शिवायला येतो तो बराचसा पॉलिस्टर. त्यात घाम जिरत नाही, जरीचे काठ काखेत बोचतात. आणि ती नाडी! घसरू नये म्हणून आई आवळून बांधते, संध्याकाळी लेकराच्या कमरेवर लाल वळ. मी सांगते, परकराला वर सुती बॉडी जोडून घ्या, भार खांद्यावर जातो, पोटाला काच नाही. बाजूच्या शिवणीत खिसाही बसतो, उरलेल्या तुकड्यात होतो. तर आयाच म्हणतात, "नको, फुगवटा दिसतो."

शाहूपुरीतला बाबा
मी उलट बाजूने बोलतो. दिवस चांगले नाहीत. मुलगी लहान असली तरी कपडे अंगभर हवेत. आत्ता सवय लागली की पुढे मोठेपणी वाद होत नाहीत. कोणी जुनाट म्हणालं तरी चालेल, मला तिची काळजी आहे.

राजारामपुरीची आई
दादा, काळजी मलाही आहे. पण चार वर्षांच्या मुलीला दिवसभर "पाय झाक, नीट बस" म्हणत राहिलो तर ती काय शिकते? कोणी वाईट वागलं तर चूक माझ्या फ्रॉकची. असला माणूस कपडे बघून येत नाही, बहुतेक वेळा तो ओळखीतलाच असतो. 2012 चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, 18 वर्षांखालच्या मुलांची संमतीच धरत नाही, मग फ्रॉकची लांबी मोजायची कशाला? तिला "नको" म्हणायला आणि घरी येऊन सांगायला शिकवू.

शाहूपुरीतला बाबा
ओळखीतलाच असतो, हे मान्य. तरी बायकांची फॅशन बारकी करून पोरींना घालणं मला पटत नाही. लग्नात बघतो, ते लेकरू जेवायचं सोडून खांदा वर ओढत बसतं.

पेठेतला भाऊ
एवढा इचार करण्यापरीस पोरीला इचारा की. माझी हाफ पँटवर गल्लीत फुटबॉल खेळती आणि सणाला सोताहून परकर मागती. गुलाबी पायजे म्हणली तर गुलाबी. आपण कोण आडवणार?

राजारामपुरीची आई
भाऊ, विचारायलाच हवं. पण मुलगी म्हटलं की दुकानदार आधी गुलाबीच्या थप्प्या काढतो, निळं मागितलं तर "ते मुलांचं, पलीकडे" म्हणतो. जे समोर मांडलं त्यातूनच ती निवडणार.

करवीरचे आजोबा
काकू, नातीच्या नव्या परकराला बॉडी आणि खिसा दोन्ही लावून घेतो. पण सणाच्या दिवशी पोरीला शर्ट-पँट, हे मला मान्य नाही.

राजारामपुरीची आई
तिने परकर मागितला तर हौसेने शिवेन, आजोबा. नाही मागितला तर बळजबरी करणार नाही, सण असला तरी.