घरच्यांनी सांगितले तिथे मत दिले नाही, आणि हे त्यांना सांगितलेही नाही. माझे चुकले का?

प्रश्न (विद्यार्थिनी, करवीर तालुका)

मी कोल्हापुरात महाविद्यालयात शिकते आणि गावाहून रोज केएमटीच्या बसने ये-जा करते. जून २०२४ मध्ये मला अठरा वर्षे पूर्ण झाली, त्यामुळे ७ मे रोजी झालेले लोकसभेचे मतदान हुकले. मात्र १ जुलै या अर्हता तारखेच्या (ज्या तारखेला वय धरतात तिच्या) आधारे नमुना ६ भरून मी मतदार यादीत नाव नोंदवले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी आयुष्यातले पहिले मत दिले.

आमचे घर गावात गटाचे घर म्हणून ओळखले जाते. दूध संस्था असो, सेवा सोसायटी असो की ग्रामपंचायत, आजोबांच्या काळापासून आम्ही एकाच गटाबरोबर आहोत आणि निवडणूक आली की आमच्या घरची सहा मते गृहीत धरली जातात. त्या दिवशी सकाळी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला बटण कितवे ते दोनदा सांगितले. मी मात्र उमेदवारांची शपथपत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर चार रात्री बसून वाचली होती आणि माझा निर्णय वेगळा झाला होता.

केंद्रात माझे नाव मोठ्याने वाचले गेले, डाव्या तर्जनीला शाई लागली, नोंदवहीत सही झाली. आत गेल्यावर हिरवा दिवा दिसला, मी निळे बटण दाबले आणि काचेआड चिठ्ठी उमटली. ती सात सेकंद दिसते हे मला ठाऊक होते, तरी ती खाली पडेपर्यंत माझे बोट बटणावरून उचलले गेले नव्हते.

बाहेर लांबवर टेबलाशी आप्पा यादी घेऊन बसले होते. त्यांनी विचारले, "नीट झालं न्हवं?" मी "हो" म्हटले, आणि त्यांनी माझ्या नावापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. ती खूण मला अजून खुपते. मी त्यांच्याशी खोटे बोलले का? आता सांगावे का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

ताई, मी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे, म्हणून आधी कायद्याचे सांगतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ नुसार आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातील साक्षीदारावरही करता येत नाही. जे न्यायालय विचारू शकत नाही, ते वडिलांना सांगितले नाही म्हणून आपण खोट्या ठरत नाही. शिवाय त्यांनी नीट झाले का एवढेच विचारले, आणि ते नीटच झाले होते.

एक प्रसंग लक्षात राहिला आहे. एक गृहस्थ आईला घेऊन आले आणि तिला दिसत नाही, मी सोबत आत जातो, असा आग्रह धरू लागले. दृष्टिहीन किंवा अपंग मतदाराला सोबती घेता येतो, पण त्या सोबत्याला गुप्तता पाळण्याचे लेखी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मी त्या आजींना भिंतीवरची उमेदवारांची यादी दाखवली, तर त्यांनी चष्मा न लावता तीन चिन्हे ओळखून सांगितली. त्या एकट्याच आत गेल्या. बाहेर येताना त्यांनी पदर सारखा केला आणि मुलाकडे न बघता चालू लागल्या. गुप्त मतदानाची खरी गरज परक्यांपेक्षा घरच्यांसमोर अधिक असते, हे मला त्या दिवशी समजले.

उत्तर २ (गृहिणी, राजारामपुरी)

गुरुजींचे कायद्याचे म्हणणे मान्य आहे, पण मनाच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. मतदानाचे वय २१ वरून १८ झाले ते १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मी एकोणिसाव्या वर्षी, लग्नाला पाच महिने झालेले असताना, पहिले मत दिले. तेव्हा कागदी मतपत्रिका होती. शिक्का कुठे मारायचा हे सासूबाईंनी सांगितले आणि मी तिथेच मारला, कारण दुसरे काही करता येते हे मला सुचलेच नाही. शिक्क्याची शाई पलीकडे उमटू नये म्हणून घडी कशी घालायची एवढीच काळजी मला होती. त्या मताची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून सांगते, बाळ, कोणाला दिलेस ते सांगू नकोस. पण मत मी माझे ठरवते एवढे आप्पांना अवश्य सांग, नाहीतर दर निवडणुकीला ती खूण तुझ्या नावापुढे पडत राहील.

उत्तर ३ (विद्यार्थी, कागल)

आमच्याकडे अडचण घरातली कमी आणि गावातली जास्त आहे. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे नमुना २० मध्ये जाहीर होतात. हजार-बाराशे मतदारांच्या केंद्रावर कोणत्या गल्लीतून मते कमी पडली याचा अंदाज लोक लावतातच. यावर काही उपाय आहे का?

उत्तर १ कडून

त्या आकड्यांतून एकट्या मतदाराचे मत उघड होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक पेट्यांतील मते एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रांसाठी तसेच करणारे 'टोटलायझर' वापरावे असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने दिला होता, पण तो अमलात आलेला नाही. माझ्या मते तो यायला हवा, कारण गावात दबाव येतो तो या आकड्यांवरूनच.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी धार काढून झाल्यावर मी गोठ्यातच आप्पांना सांगितले, मावशींनी सुचवले तेवढेच, नाव घेतले नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "हितनं म्होरं आपली पाचच धरायची." त्यात राग होता की समजूत, हे मला अजून उमगलेले नाही.