टेन्सेंट वाढली ती सरकारी भिंतीमुळे? तारखा तसं सांगत नाहीत

सर्व्हरवाला
टेन्सेंट या चिनी इंटरनेट कंपनीचा विषय निघाला की 'सरकारने भिंत घालून फेसबुक-गूगलला चीनबाहेर ठेवलं म्हणून वाढली' असं म्हणून लोक मोकळे होतात. तारखा लावून बघा.

नोव्हेंबर १९९८ मध्ये मा ह्वाथेंग आणि चार सहकाऱ्यांनी शेनझेनला कंपनी काढली. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिचं ओआयसीक्यू हे चॅटचं सॉफ्टवेअर आलं. इस्रायली आयसीक्यूची ती सरळ नक्कल होती. आयसीक्यूची मालक असलेल्या अमेरिकन एओएलने तक्रार केली, डोमेन हातचं गेलं आणि नाव क्यूक्यू झालं. पण नक्कल करताना त्यांनी एक गोष्ट बदलली. आयसीक्यूत मित्रांची यादी त्या-त्या कॉम्प्युटरवर साठायची. चीनमध्ये बहुतेक लोक सायबर कॅफेत बसायचे, उद्या दुसरं मशीन मिळालं की यादी गायब. टेन्सेंटने ती सर्व्हरवर नेली.

एमएसएन मेसेंजर तर चीनमध्ये खुला होता. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने शांघायच्या भागीदाराबरोबर अधिकृत कंपनीही काढली. ऑफिसांत त्याचा जोर होता, तरी शेवटी क्यूक्यूपुढे टिकला नाही. टेन्सेंट हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली जून २००४ मध्ये, ३.७० हाँगकाँग डॉलरला. फेसबुक बंद झालं जुलै २००९ मध्ये. आता यात भिंत कुठे बसवायची?

नफातोटा
भिंत सोडा, पैसा कुठून आला ते बघा. वापरणारे लाखोंनी वाढत होते आणि कमाई शून्य. २००० मध्ये आयडीजी ही गुंतवणूक कंपनी आणि हाँगकाँगची दूरसंचार कंपनी पीसीसीडब्ल्यू या दोघांनी मिळून २२ लाख डॉलरमध्ये ४० टक्के हिस्सा घेतला. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेची नॅस्पर्स आली. तरीही कंपनी नफ्यात आली ती चायना मोबाइलच्या जिवावर, आणि ती सरकारी कंपनी आहे. तिच्या मॉन्टरनेट योजनेत एसएमएस सेवेचे पैसे ग्राहकाच्या मोबाइल बिलात लागायचे. चायना मोबाइल १५ टक्के ठेवायची, ८५ टक्के सेवा देणाऱ्याला. ज्या पोराकडे बँक कार्ड नाही त्याच्याकडून महिन्याला पाच-दहा युआन वसूल करायची दुसरी सोय तेव्हा होती कुठे?

सर्व्हरवाला
@नफातोटा, मान्य. पण तोच पैसा सिना, सोहू आणि नेटईज या चिनी इंटरनेट कंपन्यांनाही मिळत होता. आणि त्याच सरकारी कंपनीने पुढे हात आखडता घेतला. २००६ मध्ये वर्गणी लावण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायचा नियम आला. २००७ मध्ये तिने स्वतःचा फेशन मेसेंजर काढला. म्हणजे आश्रयदाताच स्पर्धक झाला. टेन्सेंट तरली कारण तोवर क्यू-कॉइन हे तिचं आभासी चलन आणि क्यूक्यू शो चालू होते. पडद्यावरच्या बाहुल्याला मुदतीचे कपडे विकायचे, मुदत संपली की पुन्हा विकायचे. ही कल्पनाही कोरियातून उचललेली, तो भाग वेगळा.

आडवाटेचा
गेमचं कोणीच बोलत नाही? खरी भिंत तिथे आहे. परदेशी गेम चीनमध्ये थेट विकता येत नाही, चिनी कंपनी आणि सरकारी मंजुरी लागते. क्रॉसफायर आणि डंजन अँड फायटर हे दोन्ही कोरियन गेम चालवायला मिळाले टेन्सेंटला. मात्र हीच मंजुरी मार्च ते डिसेंबर २०१८ थांबली तेव्हा टेन्सेंटचाच शेअर आपटला. २०२१ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढंच खेळता येतं.

खुर्दा
टेन्सेंटच्या मोबाइल मेसेंजरकडे, वीचॅटकडे या. २१ जानेवारी २०११ ला ग्वांगझोऊत अ‍ॅलन झांगच्या टीमने काढलं. त्याआधी महिनाभर शाओमीचं मिलियाओ हे तसंच मेसेंजर आलेलं होतं. वीचॅटची पहिली आवृत्ती अगदी साधी, फारसं कोणी विचारलं नाही. मे महिन्यात आवाजी निरोप आले आणि ऑगस्टमध्ये 'जवळपासचे लोक', तिथून चित्र पालटलं. मार्च २०१२ ला १० कोटी खाती.

पण माझ्या मते कळीचा भाग आहे २०१४ च्या चिनी नववर्षातली लाल पाकिटं, म्हणजे सणाला द्यायची पैशांची भेट, आता वीचॅटवरून. शंभर युआन दहा जणांच्या गटात टाकले की वाटे आधीच पडत नाहीत, पाकीट उघडताना रक्कम ठरते. उरलेल्या रकमेची सरासरी काढायची आणि शून्याच्या वरपासून सरासरीच्या दुपटीपर्यंत कुठलाही आकडा द्यायचा. पहिल्याला जास्तीत जास्त २०. त्याला १५ लागले तर ८५ युआन नऊ जणांत, म्हणजे दुसऱ्याची कमाल १८.८८. शेवटच्याच्या वाट्याला उरेल ते. सगळा गट स्क्रीनला चिकटून बसतो तो यामुळे. मिळालेले पैसे काढायचे तर बँक कार्ड जोडणं भाग. अलीबाबाच्या अलीपे या पेमेंट सेवेला वर्षानुवर्षं जे करावं लागलं ते असं सणात उरकलं. खुद्द अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी याला पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची उपमा दिली.

नफातोटा
उत्तम. मग हेच वीचॅट भारतात का चाललं नाही? २०१३ च्या सुमारास वरुण धवन, परिणीती चोप्रा यांच्या जाहिराती टीव्हीवर होत्या. इथे भिंत नव्हती, आणि व्हॉट्सअ‍ॅपने धूळ चारली. जून २०२० मध्ये ५९ अ‍ॅप्सवर बंदी आली तेव्हा त्यात वीचॅटही होतं, पण तोवर इथे वापरत होतं कोण?

सर्व्हरवाला
ते तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. ज्याच्याकडे ओळखीची माणसं आधी, तो जिंकतो. चीनमध्ये वीचॅटला क्यूक्यूची मित्रयादी आयती मिळाली, भारतात काहीच नाही. लाइन या मेसेंजरवर चीनमध्ये बंदी आली जुलै २०१४ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर २०१७ मध्ये. तोवर सामना संपलेला होता.

आडवाटेचा
दोघेही सरकारी भिंतीवर भांडताय. टेन्सेंटने स्वतः बांधलेली बघा. ३ नोव्हेंबर २०१० ला तिने जाहीर केलं की ज्या कॉम्प्युटरवर ३६० या चिनी अँटिव्हायरस कंपनीचं सॉफ्टवेअर असेल त्यावर क्यूक्यू चालणार नाही. कारण होतं क्यूक्यूत ढवळाढवळ करणारं ३६० चं एक साधन. सरकारी खात्यांनी मध्ये पडून ते मिटवलं. बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर झाला नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ मध्ये लागला खरा, पण सवय काही गेली नाही. वीचॅटमध्ये अलीबाबाच्या ताओबाओ या ऑनलाइन दुकानाची लिंक वर्षानुवर्षं उघडत नव्हती. लोकांनी पळवाट काढली: ताओबाओमधून सांकेतिक मजकूर कॉपी करायचा, वीचॅटवर पाठवायचा, समोरच्याने तो कॉपी करून ताओबाओ अ‍ॅप उघडायचं, की वस्तूचं पान समोर. सप्टेंबर २०२१ मध्ये उद्योग मंत्रालयाने बजावल्यावर ही अडवणूक सैल होऊ लागली. तेव्हा @सर्व्हरवाला, भिंतीशिवाय वाढली म्हणताना ही कुठल्या खात्यात धरणार?