शंखवाळकर आडनाव: मूळ गाव कुठलं आणि आज एकूण माणसं किती असतील?

कुर्टी_नाका:
नमस्कार मंडळी. आमचं आडनाव शंखवाळकर, घर गोव्यात फोंड्याला, आजोबांच्या आधीपासून इथंच. शाळेत नाही, कॉलेजात नाही, नोकरीत नाही, दुसरा शंखवाळकर मला घराबाहेर क्वचितच भेटलाय. नाईक, गावडे, बोरकर म्हटलं की ढीगभर. आमचं आडनाव सांगितलं की समोरचा लगेच विचारणार, ब्रह्मानंद तुमचे कोण? म्हणजे फुटबॉलवाले ब्रह्मानंद शंखवाळकर, भारताचे गोलकीपर आणि कॅप्टन, 1997 चा अर्जुन पुरस्कार, 2022 ला पद्मश्री. आमचं त्यांच्याशी जवळचं नातं नाही, पण नाव निघालं की बाबांची छाती फुगते हे खरं.

आता विषय निघाला मुलीच्या बारशाला. आत्या म्हणाली आपण मुळात कामत, शंखवाळकर हे मागाहून लागलेलं. धाकटे काका म्हणाले तसं काही नाही, आपण साखळीचे, म्हणून शंखवाळकर. आजोबा असते तर एका वाक्यात मिटलं असतं. मग मी रात्री बसून आडनावांचे आकडे देणाऱ्या साईट चाळल्या तर एका स्पेलिंगला जगभरात मोजकीच माणसं, दुसऱ्या स्पेलिंगला वेगळाच आकडा, तिसऱ्याला तर सापडलंच नाही. एवढंच आहोत का आपण? खरंच इतकं दुर्मिळ आडनाव आहे की मोजण्यातच गडबड आहे? आणि हे कुठल्या सरकारी कागदावरून नक्की करता येतं का? ज्यांना माहिती असेल त्यांनी सविस्तर लिहा, मला मुलीसाठी नीट लिहून ठेवायचंय.

जुनी_दफ्तरं:
आधी काकांचं साखळीचं बाजूला ठेवा. साखळी डिचोली तालुक्यात, तिथून येतं ते साखळकर. तुमचं गाव सांकवाळ, मुरगाव तालुक्यात, झुवारीच्या काठावर. बिट्स पिलानीचा कॅम्पस आहे ना, तो याच गावात. जुन्या नावात शंखावली, शंखवाळ असे उच्चार येतात, त्यावरून शंखवाळकर. ऐकायला दोन्ही गावं जवळची वाटतात म्हणून हा घोळ बऱ्याच घरांत असतो, तुमच्या काकांचा त्यात दोष नाही.

खात्री करायची सोपी वाट म्हणजे कुलदैवत. घरी विचारा कौल लावायला, लग्नाची पहिली पत्रिका ठेवायला कुठं जातात. वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह किंवा केरीची विजयादुर्गा असं उत्तर आलं तर विषय संपला, कारण ही दोन्ही दैवतं मुळात सांकवाळची. 1566-67 च्या सुमाराला गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली देवळं पाडली गेली, तेव्हा मुरगावही साष्टीतच धरत. लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रूज महालात आणले, म्हणजे आजचा फोंडा तालुका, जो तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून, तसाच तुमचा नृसिंह सांकवाळहून वेलिंगला. फोंडा पोर्तुगीजांच्या हातात गेला तो 1763 ला, म्हणजे मधली जवळजवळ दोनशे वर्षं हे देव आणि ही घरं दुसऱ्या राज्यात होती. तेवढ्या काळात नव्या गावात आडनावं पक्की झाली.

आणि इथंच तुमच्या आकड्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. गावावरून पडलेलं आडनाव गाव सोडलेल्याला चिकटतं. सांकवाळमध्ये राहणाऱ्याला शेजारी कशाला शंखवाळकर म्हणतील, तिथं सगळेच सांकवाळचे. तो फोंड्याला, पणजीला, कारवारला गेला की तिथले लोक म्हणणार हा शंखवाळकर. त्यामुळे मूळ गावात जाऊन मोजाल तर हाती फार काही लागणार नाही.

आत्याचं बरोबर आहे. कामत ही पूर्वीची कामाची, मानाची पदवी आणि शंखवाळकर हा गावाचा पत्ता. जुन्या कागदात दोन्ही एकाला एक जोडून येतात. खुद्द ब्रह्मानंद यांच्या पूर्ण नावातही कामत शंखवाळकर असंच आहे.

झुवारीकाठ:
मी सांकवाळचाच, आडनाव नाईक. वर लिहिलंय ते अगदी खरं, आमच्या वाड्यावर शंखवाळकर म्हणून कोण नाही.

पण एक गोष्ट राहिली. गाव सोडून सगळे गेले नव्हते. बरीच घरं ख्रिस्ती होऊन इथंच राहिली, आणि त्या वेळी बाप्तिस्म्याला पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, म्हणून गावात वाझ वगैरे आडनावं दिसतात. संत जुझे वाझ, श्रीलंकेत काम केलेले, 2015 ला पोपनी कोलंबोत ज्यांना संतपद दिलं, त्यांचा जन्म 1651 चा बाणावलीचा पण वडिलांचं घर सांकवाळचं. त्यांच्या नावाचं तीर्थस्थान आमच्या गावात आहे, लोक लांबून येतात. तिथंच जुन्या चर्चची नुसती पुढची भिंत उभी आहे, 1566 चं चर्च आणि 1834 ला जळालं. ज्या सालात ते चर्च उभं राहिलं त्याच सुमाराला तुमचा देव पलीकडं गेला, हे ध्यानात घेऊन ती भिंत बघायला या एकदा, मुलीला घेऊन या.

म्हणजे सांकवाळच्या मूळ घराण्यांची आजची माणसं मोजायची झाली तर त्यात शंखवाळकर येतील, कामत येतील आणि वाझही येतील. आडनावाचा आकडा आणि घराण्याचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

मोजणीदार:
आकड्यांचं मी सांगतो, हा माझा आवडीचा विषय.

भारतात जनगणना आडनावांचे तक्ते छापत नाही. मोजणीला येणारा माणूस नाव लिहून घेतो हे खरं, पण 1948 च्या जनगणना कायद्याप्रमाणे ते भरलेले फॉर्म गोपनीय, बाहेरच्या कोणाला बघायला मिळत नाहीत. 2011 ला गोव्याची लोकसंख्या 14,58,545 हे छापलंय, त्यातले शंखवाळकर किती हे कुठंच छापलेलं नाही. अमेरिकेत छापतात, तिथं 2010 च्या जनगणनेतून 100 किंवा जास्त माणसं असलेल्या सगळ्या आडनावांची यादी दिली, ती 1,62,253 आडनावं झाली, पण शंभराच्या खालची तिथंही गाळतात. म्हणजे दुर्मिळ आडनाववाल्याला तिकडंसुद्धा यादीत जागा नाही. मग साईटवाले भारताचे आकडे आणतात कुठून, तर मिळतील त्या याद्या गोळा करायच्या आणि त्यावरून अंदाज बांधायचा. नाईक, गावकर अशा मोठ्या आडनावांना असा अंदाज बरा जमतो. लहान आडनावाला एखाददुसरं कुटुंब यादीत आलं नाही तरी सगळं गणित हलतं, त्यामुळे त्या आकड्यावर जीव टाकू नका.

दुसरं, आणि गोव्यासाठी हे जास्त महत्त्वाचं, स्पेलिंग. साईट आडनाव मोजत नाही, ती अक्षरांची एक रांग मोजते. तुमचंच घ्या. सुरुवातीला एस, किंवा एसएच, किंवा पोर्तुगीज पद्धतीचा एक्स (शेल्डें गाव एक्सने लिहितात ना तसा). पुढं ख ला केएच, कोणी नुसता के, जुन्या कागदात सी. मग वा ला डब्ल्यू, व्ही किंवा सांकवाळच्या पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये असतो तसा ओए. तीन जागा, प्रत्येक ठिकाणी तीन पर्याय, 27 झाले. शेवटचा कर कोणी के ने लिहितो, कोणी सी ने, मग 54. सगळे वापरात असतील असं नाही, पण एकाच आजोबांच्या तीन मुलांच्या पासपोर्टवर तीन स्पेलिंग मी बघितलेली आहेत, आणि साईटच्या लेखी ती तीन वेगवेगळी दुर्मिळ आडनावं.

स्वतः मोजायचं असेल तर मतदार याद्या बघा, निवडणूक खात्याच्या साईटवर केंद्रवार मिळतात. फोंडा, मडकई, प्रियोळ, पणजी, मुरगाव, कुठ्ठाळी इथून सुरुवात करा. फक्त अठरा वर्षांवरची माणसं येतील, लग्न होऊन आलेल्या सुना धरल्या जातील आणि तुमच्या लग्न झालेल्या बहिणी सुटतील, हे ध्यानात ठेवा. माणसं मोजण्यापेक्षा घर नंबरवरून कुटुंबं मोजा, ते जास्त खरं येईल.

कारवारची_माई:
एक सांगू का, तुम्ही सगळे गोव्यातच शोधताय. जी घरं दक्षिणेकडं गेली, कारवार, कुमठा, मंगळूर, कोचीपर्यंत, त्यांच्यात बऱ्याच जणांनी गावाचं नाव सोडलं आणि नुसती पदवी ठेवली. म्हणून तिकडं कामत, प्रभू, पै, शेणै, नायक हीच आडनावं जास्त. आडनावावरून काही कळत नाही पण कुलदेव विचारला की पटकन म्हार्दोळ, कवळे, मंगेशी, वेलिंग सांगतात, आणि वर्षाला नाही तरी घरात कार्य झालं की येऊन जातात. तुमच्याच मूळ घराण्यातले कामत मंगळुरात नुसते कामत म्हणून बसलेले असतील, ते तुमच्या आकड्यात कधीच येणार नाहीत. उत्तरेकडं मुंबईला वगैरे गेले त्यांचं उलट, कर राहिलं आणि पदवी गळाली.

अजून एक, आडनाव एक म्हणून जात एक असं धरून चालू नका. रायकर बघा, राय गावचे म्हणून सारस्वतांत पै रायकर आहेत आणि दैवज्ञांत रायकर आहेत. गाव कोणा एकाचा नसतो.

कुर्टी_नाका:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला विचारलं, आमचं वेलिंगच. दरवर्षी आम्ही जातो आणि मी कधी विचार केला नाही की हा देव मुळात कुठला.

आणि काल कपाटातून आजोबांची पत्र्याची पेटी काढली. त्यात एक जमिनीचा पोर्तुगीज कागद आहे, घडीवर फाटलेला, वर जांभळा शिक्का, त्यात पणजोबांच्या नावापुढं कामोतीं आणि त्यापुढं सांकोआलकार असं हाताने लिहिलेलं आहे. शेवटचा आर लांब ओढलाय. त्याच पेटीतल्या बाबांच्या शाळेच्या दाखल्यात मात्र कामत नाही, नुसतं शंखवाळकर. म्हणजे या दोन कागदांच्या मध्ये कुठंतरी कामत गळालं. हे कधी झालं ते शोधता येईल का?

जुनी_दफ्तरं:
येईल. कामोतीं म्हणजे कामतच, पोर्तुगीज कागदात तसंच लिहायचे. प्रभूचं पोरोबो, शेणवीचं सिनाय.

तीन ठिकाणं बघा. आजोबांचा जन्म ज्या तालुक्यातला तिथलं सिव्हिल रजिस्ट्रार ऑफिस, तिथून जन्मनोंदीची तेओर कॉपी मागा. तेओर म्हणजे नोंदवहीतली अख्खी नोंद, नुसता जन्मदाखला घेऊ नका, तेओरमध्ये आईवडिलांची आणि आजीआजोबांची नावं असतात, एका कागदात तीन पिढ्या मिळतात. फार जुनी पुस्तकं पणजीला पुराभिलेख खात्यात असतात, तिथं चौकशी करा. या दफ्तरखान्याची सुरुवात 1595 ची, दियोगु दु कोउतु याच्याकडं त्याचं काम दिलं होतं, देशात एवढं जुनं दफ्तर फार थोड्या ठिकाणी असेल.

दुसरं, वेलिंगच्या देवस्थानची म्हाजनांची, म्हणजे पिढीजात हक्काच्या सभासदांची यादी. गोव्यातली देवस्थानं 1933 च्या पोर्तुगीज कायद्याखाली चालतात, म्हाजनांची नोंद ठेवावी लागते आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. म्हाजनकी वडिलांकडून मुलाकडं येते, त्यामुळे आजोबांनी कुठल्या नावानं नाव घातलं आणि बाबांनी कुठल्या, हे तिथं दिसेल. आणि मोजायचंच असेल तर माझ्या मते शंखवाळकरांच्या आकड्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही, कारण तिथं स्पेलिंगवर नाही, घराण्यावर नोंद होते. फक्त पूर्वापार यादी पुरुषांचीच आहे, तेवढा उणेपणा धरा.

तिसरं सांकवाळची कोमुनिदाद, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. तिथल्या गावकारांच्या (मूळ हक्कदार घराण्यांच्या) नोंदीत तुमचं वांगड, म्हणजे घराण्याचा गट, अजून आहे का ते विचारा. मिळेलच असं नाही.

कामत परत लावायचं मनात असेल तर नुसत्या प्रतिज्ञापत्रावर गोव्यात भागत नाही, नाव-आडनाव बदलायला 1990 चा वेगळा कायदा आहे. मुलीचा जन्मदाखला अजून ताजा आहे तर आत्ताच वकिलाला विचारा, शाळेत नाव घातल्यावर धावपळ वाढते.

मोजणीदार:
आडनाव एका माणसापासून सुरू होऊ शकतं हेही विसरू नका. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, घराणं अभिषेकी-हर्डीकरांचं, त्यांनी मंगेशकर लावलं आणि लताबाईंमुळं ते नाव जगभर गेलं. नाव सगळ्यांना माहीत, ते लावणारी माणसं मात्र हातावर मोजण्याइतकी. तुमचं तसं नाही, तुमचं एका अख्ख्या गावानं दिलेलं आहे, त्यामुळे घरं निघतील, इकडं तिकडं विखुरलेली असतील एवढंच.

कुर्टी_नाका:
ठीक. मामलेदार ऑफिसात अर्ज टाकतो आणि तेओरचंही बघतो. कामत परत लावायचं की नाही ते घरी बसून ठरवू, आत्या एका पायावर तयार आहे.

तोवर हा धागा वाचणारे कोणी शंखवाळकर असतील, किंवा आजोळ शंखवाळकरांचं असेल, त्यांनी तीन गोष्टी कळवा: तुमच्या घरी स्पेलिंग कसं लिहितात, कुलदैवत वेलिंग की केरी, आणि जुन्या कागदात पुढं कामत किंवा दुसरी काही पदवी आहे का. नावं, पत्ते इथं लिहू नका, गावाचं नाव पुरे. मी वहीत उतरवून घेतो आणि काय जमतं ते इथंच टाकतो.