मदत हवी आहे: जर्मनीचं आमंत्रण आलंय, कॉलेज म्हणतंय ‘एमओयू करून या’

घाटमाथा

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची खानापूर तालुक्यातली. बेळगावात एका अनुदानित पदवी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, ११ वर्षं झाली. माझा विषय वटवाघळं. आमच्या तालुक्यातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ आहे. १९१३ साली जगाला ते इथूनच कळलं आणि पुढे कितीतरी वर्षं ते फक्त इथंच आहे असं समजत होते. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. मी मात्र गुहेत जात नाही. गावाजवळच्या ओढ्यावर, माळावर रात्री डिटेक्टर लावून आवाज टिपते. त्यातले बहुतेक आवाज आपल्या कानाच्या पलीकडचे असतात, म्हणून दहापट संथ करून ऐकायचे. घरी स्पीकरवर लावले की सासूबाई हाक मारतात, “नळ गळतोय काय गे?”

याच रेकॉर्डिंगमुळे जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या गटाशी ओळख झाली. गेलं वर्षभर महिन्यातून एकदा ऑनलाइन बोलतो. आता त्यांनी जूनमध्ये पाच दिवस बोलावलंय, युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस योजनेतल्या स्टाफ मोबिलिटीतून, म्हणजे शिक्षकांच्या देवाणघेवाणीतून. आठ तास शिकवायचं आणि उरलेल्या वेळात त्यांच्या प्रयोगशाळेत आवाजांचं विश्लेषण बघायचं. जूनच का, तर ऑक्टोबरनंतर तिकडची वटवाघळं थंडीची झोपायला लागतात, मग बघायला काही नाही. आणि आमच्याही परीक्षा तोवर संपतात.

आता अडचणी.

एक म्हणजे प्रिन्सिपल सर खूश झाले, पेढेसुद्धा मागवले, आणि म्हणाले, “जाताय तर एमओयू करून या, जॉइंट डिग्रीचंही बोला. नॅकला उपयोगी पडेल.” मी साधी असिस्टंट प्रोफेसर. मी कसला सामंजस्य करार करणार? (नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन.)

दुसरं नावाचं. माझ्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नावापुढे नुसती आद्याक्षरं आहेत, आपल्याकडे असतात तशी. पासपोर्टवर पूर्ण नाव, लग्नानंतरच्या आडनावासकट. सर्व्हिस बुकात माहेरचं आडनाव. जन्मस्थळ पासपोर्टवर जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं बेळगाव, कॉलेजच्या लेटरहेडवर नवं. व्हिसाला हे अडेल का?

तिसरं, हेडक्लार्क म्हणतात परदेशाला जायची परवानगी “वरून” लागते. वरून म्हणजे कुठून, ते त्यांनाही सांगता येत नाही. आमच्या कॉलेजातून आजवर कामासाठी परदेशी कुणी गेलेलंच नाही. एक सर दुबईला गेले होते, खरं ते मुलाकडे.

आणि व्हिसाचा अर्ज बेंगळुरूला द्यायचा की पुण्याला? पुणं जवळ पडतं, राहायला बहीण आहे.

---

निपाणीकर

अभिनंदन मॅडम! मी इंजिनिअरिंगवाला. दोन वर्षांपूर्वी असाच गेलो होतो, म्हणून सांगतो.

व्हिसाचं: पाच दिवसांसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, निदान १५ दिवस आधी तरी द्यावा लागतो. खरं शेवटच्या १५ दिवसांवर जाऊ नका, आधी अपॉइंटमेंट मिळायला पाहिजे. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं. फी ९० युरो आहे. संशोधनासाठी जाणाऱ्या संशोधकांना माफी असते, म्हणून आमंत्रणपत्रात नुसतं ‘भेट’ न लिहिता शिकवणं आणि संशोधन दोन्ही स्पष्ट लिहून मागा. माफी मिळेलच असं धरून चालू नका, फीचे पैसे तयार ठेवा.

मी पुण्यालाच दिला होता, पत्ता निपाणीचा असून. तुम्ही अपॉइंटमेंट घेताना केंद्र निवडू देतंय का बघा. देत असलं तर पुणं. नाहीतर राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडायची, रात्री बसायचं, सकाळी बेंगळुरू.

नावाचं: माझंही तसंच होतं. कॉलेजच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या, की सर्व्हिस बुकातली अमुक आणि पासपोर्टवरची अमुक ही एकच व्यक्ती. सोबत लग्नाचा दाखला. आमंत्रण, एनओसी (ना-हरकत पत्र), विमा, तिकीट, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. मार्क्स कार्डाची मला गरजच पडली नाही. गावाच्या नावाचं काही होत नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, त्याआधी काढलेल्या सगळ्यांच्या पासपोर्टांवर जुनंच आहे. (यावर दुसरा वाद इथं नको, त्याचा वेगळा धागा आहे.)

---

कागदोपत्री

विद्यापीठाच्या प्रशासनात होतो, आता निवृत्त. “वरून” म्हणजे काय ते सांगतो, कारण बहुतेक ऑफिसं इथंच घोळ घालतात. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींसाठी तीन वेगळे अर्ज.

पहिली रजा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत वर्षाला ३० दिवसांपर्यंत ड्यूटी लीव्ह, म्हणजे कामासाठीची रजा आहे. तुमच्याकडे ओओडी म्हणत असतील. प्रवासाचे दिवस धरून मागा. नुसते पाच दिवस मागितले तर विमानातले दोन दिवस सीएलमध्ये (किरकोळ रजेत) जातात.

दुसरी एनओसी. ही व्यवस्थापनाकडून. अनुदानित असाल तर जॉइंट डायरेक्टर ऑफिसला कळवायचं असतं, ते पत्र कॉलेजनं पाठवायचं, तुम्ही नव्हे.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. तुमचा खर्च परदेशी पैशातून होणार आहे. एफसीआरए २०१० (परदेशी पैशावरचा कायदा) च्या कलम ६ प्रमाणे सरकारी नोकरांनी, तसंच सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांच्या नोकरांनी परदेशी पाहुणचार घ्यायचा तर केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. पाहुणचारात तिकीट, राहणं, जेवण सगळं येतं. अर्ज ऑनलाइन, फॉर्म एफसी-२, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. राज्य विद्यापीठातल्या लोकांनी हे सोडू नये. तुमचं कॉलेज खासगी संस्थेचं आणि अनुदानित, म्हणजे ते ‘सरकारच्या नियंत्रणाखाली’ मोडतं की नाही हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. तोंडी “चालतंय की हो” वर जाऊ नका. उद्या ऑडिटमध्ये कागद मागतात, तोंड मागत नाहीत.

एमओयूबद्दल: प्रिन्सिपल साहेबांना नम्रपणे सांगा, जॉइंट डिग्री हे तुमच्या सहीचं काम नाही आणि त्यांच्याही नाही. यूजीसीच्या मे २०२२ च्या नियमांप्रमाणे भारतीय संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण हवेत, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात असायला हवं, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ दर्जा हवा. परदेशी विद्यापीठ टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात. संलग्न कॉलेजनं परस्पर पदवीच्या गोष्टी करूच नयेत. तुम्ही फार तर लेटर ऑफ इंटेंटचा (इरादापत्राचा) मसुदा घेऊन या, सही इथं होईल.

---

डोंगरगडी

कागदोपत्री काकांच्या उत्तरात एक भर, आणि ती महत्त्वाची आहे.

इरॅस्मसमध्ये आपल्यासारख्या देशातून स्टाफ बोलवायचा तर दोन्ही संस्थांत ‘इंटर-इन्स्टिट्यूशनल अॅग्रीमेंट’ आधी झालेलं असावं लागतं. त्याशिवाय तुमचं मोबिलिटी अॅग्रीमेंट होत नाही (त्यावर तीन सह्या: तुमची, तुमच्या संस्थेची, त्यांची). म्हणजे तुमचं आमंत्रण खरंच त्या योजनेतलं असेल तर करार एकतर झालेला आहे, नाहीतर आत्ता व्हायला घातलाय. जर्मनीला मेल टाकून प्रत मागवा. ऑफिसातही शोधा.

पैशाचं: प्रवासखर्च अंतराच्या पट्ट्यावर मिळतो. आपण ४,००० ते ७,९९९ किमीच्या पट्ट्यात येतो. अंतर एकेरी मोजतात, खरं मिळणाऱ्या रकमेत जायचं-यायचं दोन्ही धरलेलं असतं. रोजचा भत्ता वेगळा. बऱ्याच ठिकाणी पैसे पोचल्यावर देतात, तेव्हा तिकीट आधी आपल्या खिशातून. मी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, उगीच लपवत नाही.

येताना हजेरीचं प्रमाणपत्र विसरू नका. एक जण विसरला, महिनाभर मेल करत बसला.

---

रानवाट

मॅडम, नमुने नेऊ नका. लाडानं सांगतेय असं समजा. वाळलेला पंख, केस, विष्ठा, डीएनएची नळी, काहीही पर्समध्ये टाकलंत तर जैवविविधता कायदा २००२ लागतो. परदेशी संस्थेला भारतातलं जैविक साहित्य द्यायचं तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. मैत्रीखातर दिलं, हे तिथं ऐकत नाहीत. रेकॉर्डिंग ही वेगळी गोष्ट, तरी भीमगड अभयारण्याच्या हद्दीतलं काही असेल तर वन खात्याच्या परवानगीचा नंबर जवळ ठेवा. आणि गुहेचे नेमके जीपीएस आकडे स्लाइडवर टाकू नका हो.

---

कुंदाप्रेमी

सगळे कायदे झाले. मुख्य प्रश्न: आपल्या बेळगावची मिठाई, कुंदा नेणार का?

---

निपाणीकर

@कुंदाप्रेमी नाही नेता येत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणायला बंदी आहे. कुंदा म्हणजे दूधच की. माझा अर्धा किलो फ्रँकफर्टला गेला. डब्यावर दुकानाचं नाव बघून कस्टमवाल्यानं विचारलं काय आहे, आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं. मॅडम, शहापूर-वडगावच्या मागावर विणलेलं काही न्या. घडी होतं, मोडत नाही, विचारत नाहीत.

---

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय कारण बरंच घडलं.

@डोंगरगडी, तुम्ही म्हणालात ते बघायला जर्मनीला मेल टाकली. दुपारी टाकली, ते साडेतीन तास मागे, संध्याकाळी प्रत आली. करार झालेला आहे. गेल्या वर्षीचा. सही आमच्या आधीच्या प्रिन्सिपल सरांची, ते दोन महिन्यांनी निवृत्त झाले. मग हेडक्लार्क आणि मी कपाट उघडलं. ‘इतर’ असं लिहिलेली एक फाईल होती, त्यात स्पोर्ट्सच्या बिलांच्या आणि पाण्याच्या टाकीच्या कोटेशनच्या मध्ये ती चार पानं. हेडक्लार्क म्हणाले, “इंग्रजीत होतं मॅडम, मला वाटलं कसलंतरी ब्रोशर.”

प्रिन्सिपल सरांना दाखवलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे आपला एमओयू आहेच की!” आता तो नॅकच्या फाईलमध्ये गेलाय, झेरॉक्स माझ्याकडे.

एफसी-२ बद्दल व्यवस्थापनाला लेखी विचारलंय. एकच व्यक्ती असल्याचं पत्र मीच टाइप केलं, कॉलेजनं सही-शिक्का दिला. पुण्याची अपॉइंटमेंट मिळाली, बहीण खूश.

खरं आता नवीनच प्रश्न. करारातल्या तक्त्यात दोन ओळी आहेत. पहिली: इकडून तिकडे, एक शिक्षक, पाच दिवस. ती मी. दुसरी: तिकडून इकडे, एक शिक्षक, पाच दिवस. हे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. जर्मनीच्या मॅडमनी मेलच्या शेवटी सहज विचारलंय, सप्टेंबरमध्ये आले तर रात्री ओढ्यावर येता येईल का.

परदेशी संशोधक आमच्याकडे येणार म्हटल्यावर काय काय लागतं? वन खातं, जैवविविधता प्राधिकरण? आणि राहायची सोय माझ्या घरी केली तर २४ तासांत नोंद करायची असते म्हणतात, ती कुठं? सप्टेंबरात जांबोटीच्या रस्त्याची काय अवस्था असते ते मला माहीत आहे, ते सांगू नका.

---

रानवाट

सप्टेंबर म्हणजे आजच अर्ज करा. वन खात्याला महिने लागतात. ताई, तुमच्या नावानं नको, कॉलेजच्या नावानं करा, सोबत त्या कराराची झेरॉक्स जोडा. आणि त्यांना सांगा डिटेक्टर घेऊन या, नळ्या-बिळ्या घरी ठेवा. घरच्या नोंदीचं कागदोपत्री काका सांगतील.