मदत हवी आहे : नानांनी स्वतःचंच काढलेलं व्यंगचित्र वाचवायचं आहे

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. माझे वडील, आमचे नाना, भजनी मंडळात पेटी वाजवायचे, अहिराणीत गोष्टी लिहायचे आणि व्यंगचित्रं काढायचे. सगळं हौसेनं, कुणाकडे न शिकता.

एका फुलस्केप कागदावर त्यांनी स्वतःलाच काढलंय. मांडीवर पेटी, कानावर पेन्सिल, नाक पार पट्ट्यांपर्यंत लोंबलेलं आणि भात्यातून हवेऐवजी लिहिलेले कागद भुर्रकन उडताहेत. खाली ओळ : "मन्ही पेटी बोलस, मी आयकस." आई आजही ते बघून पदर तोंडाला लावून हसते. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे ती.

कागद आता तपकिरी पडलाय. घडीवर मीच कधीतरी सेलोटेप लावली होती, तिचा डिंक पिवळा होऊन नेमका नाकावर उतरलाय. शाई फाउंटन पेनची, म्हणजे पाण्याचा थेंबही चालणार नाही. एका दुकानदारानं लॅमिनेशन सुचवलं. मी नाही म्हटलं, कारण ते नंतर काढता येत नाही. आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यायचं ठरवलंय.

जळगाव किंवा धुळ्यात जुन्या कागदाचं काम जाणणारं कुणी आहे का? टेप काढायची की तशीच राहू द्यायची? आणि फ्रेम केली तर काच चित्राला चिकटू नये म्हणून मधे काय घालतात? आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाची फार धास्ती वाटते. कुणी असं काम करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.