बाल्डर्स गेट (१९९८): पहिल्या लेव्हलची पार्टी पहिल्याच लढायांत का मरते?

नवा_वाटसरू

नमस्कार मंडळी. अलीकडचे रोल-प्लेइंग गेम मी बरेच खेळलो आहे, परंतु बायोवेअरचा 'बाल्डर्स गेट' आता प्रथमच खेळायला घेतला आहे. माझ्याकडे २०१२ साली आलेली एन्हान्स्ड एडिशन आहे. त्यामुळे नव्या मॉनिटरवर चित्र आणि अक्षरे नीट दिसतात, पण आतले नियम जुनेच आहेत आणि माझी सारी अडचण त्या नियमांशीच आहे.

मी जादूगार निवडला असून त्याचे हिट पॉइंट (मार सोसण्याचा आकडा) जेमतेम सहा आहेत. खेळ जिथे सुरू होतो त्या कँडलकीपमधून बाहेर पडलो की रस्त्यात एखादा लांडगा भेटतो आणि दोन चाव्यांत खेळ संपतो. त्यातून निभावून फ्रेंडली आर्म इनपर्यंत पोचावे, तर सरायीच्या पायऱ्यांपाशी तार्नेश नावाचा मारेकरी वाट पाहत असतो. तो स्वतःच्या खोट्या प्रतिमा निर्माण करतो, माझ्या सोबत्यांवर भीतीचा मंत्र टाकतो आणि ते सैरावैरा पळत असताना मला सावकाश संपवतो. माझ्या लोकांचे वार मात्र पाचांतले तीन-चार हवेतच जातात. शिवाय चिलखताचा आकडा जितका कमी तितका चांगला, ही उलटी मोजणी काही केल्या डोक्यात बसत नाही.

प्रश्न दोन आहेत. हे आकडे वाचायचे कसे? आणि सुरुवातीला जिवंत राहण्याची काही ठरलेली रीत आहे का, की दर वेळी सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडत राहणे हीच ती रीत?

थॅकोशास्त्री

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते एकदा समजले की दुसरा निम्मा सुटतो.

हा खेळ अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. प्रत्येक वारामागे वीस बाजूंचा फासा पडत असतो. तो आपल्याला दिसत नाही इतकेच. तुमच्या पात्राच्या नेमाचा आकडा, म्हणजे थॅको, घ्या (तोही जितका कमी तितका चांगला), त्यातून शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, वजा करा, आणि फाशावर उरलेल्या आकड्याइतके किंवा त्याहून अधिक दान पडले तर वार लागतो. पहिल्या लेव्हलला सर्वांचाच थॅको २० असतो. समोर आर्मर क्लास ५ असलेला शत्रू असेल तर १५ किंवा अधिक पडायला हवे; म्हणजे वीसपैकी सहाच दाने तुमच्या बाजूची, शंभरात तीस वार लागणार. तुम्ही सांगितलेले 'पाचांतले तीन-चार हवेत' हे अगदी हिशेबात बसते. खेळ तुमच्यावर अन्याय करत नाही, तो नुसते गणित करतो आहे. फासा २० दाखवेल तेव्हा वार लागतोच आणि १ दाखवेल तेव्हा चुकतोच, एवढा एक अपवाद.

आता तेच गणित उलट्या बाजूने करा. ज्याचा थॅको १७ आहे असा शत्रू उघड्या अंगाच्या माणसावर, म्हणजे आर्मर क्लास १० असलेल्यावर, चालून आला तर त्याला फक्त ७ लागतात आणि शंभरात सत्तर वार बसतात. तोच शत्रू प्लेट मेल आणि ढाल मिळून आर्मर क्लास २ वर आलेल्या योद्ध्यासमोर उभा केला, तर त्याला १५ लागतात आणि प्रमाण सत्तरावरून तिसावर येते. म्हणून सुरुवातीचे सोने तलवारीवर न घालता पुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या चिलखतावर घालावे, असे माझे ठाम मत आहे. तुमचा नेम सुधारायला लेव्हल लागते, शत्रूचा नेम बिघडवायला दुकान पुरते.

लेव्हलचा फायदाही सर्वांना सारखा मिळत नाही. योद्ध्याचा थॅको दर लेव्हलला एकाने उतरतो, चोराचा दोन लेव्हलमागे एकाने, जादूगाराचा तीन लेव्हलमागे एकाने. जादूगाराच्या हातात गोफण द्यावी, पण तिच्या भरवशावर बसू नये.

आलेखवहीवाले

शास्त्रीबुवांचे गणित बिनचूक आहे, पण त्यातून निघणारी खरी गोष्ट त्यांनी सांगायची ठेवली. दोन्ही बाजूंचे शंभरात तीसच वार लागतात असा झगडा ज्या नियमांत होतो, तिथे समोरासमोर भिडणे हाच तोट्याचा व्यवहार असतो. या पिढीतल्या खेळांत लढाई जिंकायची ती पहिला वार पडण्याआधी. नंतर फक्त फासे उरतात.

तुम्ही जादूगार आहात, तर पहिल्या लेव्हलचा तुमचा मंत्र 'स्लीप' असायला हवा. 'मॅजिक मिसाइल' अचूक लागतो म्हणून नवे लोक तो घेतात, पण पहिल्या लेव्हलला त्याने एकाच शत्रूला दोन ते पाच हिट पॉइंटांची इजा होते. स्लीपने कमी लेव्हलच्या शत्रूंचा घोळकाच्या घोळका आडवा होतो, झोपलेल्यावर केलेला वार चुकत नाही, आणि मार बसला म्हणून तो जागाही होत नाही. याचा अर्थ असा, की त्या काही क्षणांपुरता वर सांगितलेला सगळा हिशेब रद्द होतो. मर्यादाही ध्यानात ठेवा: मृतयोनीतल्या प्राण्यांवर हा मंत्र अजिबात चालत नाही, एल्फ मंडळींवर क्वचितच चालतो, आणि वरच्या लेव्हलचे शत्रू त्याला दाद देत नाहीत. सांगाड्यांवर बाणही फारसे उपयोगी नाहीत. तिथे गदा किंवा हातोडा लागतो.

दुसरी गोष्ट धनुष्याची. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याला सहा सेकंदांच्या एका फेरीत तलवारीचा एक वार मिळतो, तर लाँगबो किंवा शॉर्टबोने दोन बाण सुटतात. चार जणांच्या हाती धनुष्य आणि पुढे एकटा चिलखतधारी, ही रचना जवळजवळ अर्धा खेळ पुरते. मूळ १९९८ च्या आवृत्तीत एका कप्प्यात फक्त २० बाण मावत आणि सामानाची पिशवी बाणांनीच भरून जाई. नव्या आवृत्तीत तो जाच कमी झाला आहे. धनुष्याचा आणखी एक फायदा कथेतूनच येतो. सारा प्रदेश लोखंडाच्या टंचाईने आणि निकृष्ट धातूने ग्रासलेला असल्यामुळे साध्या तलवारी ऐन लढाईत मोडतात. धनुष्य मोडत नाही. तलवारबाजाजवळ दुसरे हत्यार तयार असू द्या, कारण ती कटकट हा बिघाड नसून कथानकाचा भाग आहे.

तार्नेशबद्दल एवढेच सांगतो, की त्याच्याशी बोलण्याआधीच माणसे पांगवून ठेवा. भीतीचा मंत्र ठरावीक परिघात पडतो. सगळे दाटीवाटीने पायऱ्यांवर उभे असले तर सगळेच पळतात. मंत्र म्हणत असताना इजा झाली की मंत्र फुकट जातो. त्याच्या प्रतिमा सुरुवातीचे वार झेलतात, म्हणून अनेक हातांनी सतत मारा करत राहायचा, म्हणजे प्रतिमा लवकर संपतात आणि त्याचा पुढचा मंत्र तोंडातच राहतो. स्पेस बार दाबून खेळ थांबवता येतो, आणि शत्रू दिसताक्षणी आपोआप थांबावा अशी सोयही पर्यायांमध्ये आहे. ती सुरू केल्यावाचून हा खेळ खेळूच नये.

कँडलकीप सोडण्यापूर्वी तिथल्या ओबे नावाच्या जादूगाराकडे जाऊन या. तो आभासी शत्रूंशी सराव करून देतो. त्यात अनुभवाचे गुण मिळत नाहीत, म्हणून बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत, पण सहा जणांची पार्टी पॉज करून हलवण्याचा हात तिथे फुकट बसतो.

तळघरातला_कारकून

सेव्हच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. क्यू कळ दाबून जागच्या जागी सेव्ह करता येते, आणि प्रत्येक दाराआधी ती दाबणारे लोक मला ठाऊक आहेत. माझा त्याला विरोध आहे, पण सरसकट नाही. मंत्राची गुंडाळी वहीत उतरवताना बुद्धीच्या आकड्यानुसार ती फुकट जाण्याची शक्यता असते; दुर्मीळ गुंडाळीपुरते आधी सेव्ह करण्यात मला गैर वाटत नाही. मात्र प्रत्येक चुकलेल्या वारासाठी खेळ मागे नेला, तर स्लीप, धनुष्य आणि माघार यांपैकी काहीही शिकण्याची गरजच उरत नाही. सोबती मेला तर देवळात पैसे भरून त्याला उठवता येते. तुमचे स्वतःचे पात्र मेले तरच खेळ संपतो. तेवढा दंड सोसायला हरकत नसावी.

ज्यांना हाही दंड कठोर वाटतो त्यांनी १९८१ ची अॅपल टू वरची 'विझार्ड्री' आठवावी. तिथे सारी पार्टी मेली तर प्रेते तळघरातच पडून राहत आणि ती आणायला नवी पार्टी उतरवावी लागे. देवळातला पुनरुज्जीवनाचा विधी फसला तर प्रेताची राख होई, राखेवरचा विधी फसला तर पात्र कायमचे जाई. स्थलांतराच्या मंत्रात अंतर चुकले आणि पार्टी खडकात उतरली, तर विधीलाही काही उरत नसे. हे सगळे लगोलग डिस्कवर लिहिले जाई, त्यामुळे मागे जाण्याची सोयच नव्हती. लोक चौकटीच्या कागदावर वीस बाय वीसचा नकाशा काढत ते हौसेने नव्हे.

आलेखवहीवाले

कारकूनबुवा, सहमत, पण विझार्ड्रीच्या काळातही डिस्कवर नोंद होण्याआधी ती ड्राइव्हमधून ओढून काढणारे महाभाग होतेच. पळवाट शोधणे हे या खेळांइतकेच जुने आहे. नियम उदार असोत की क्रूर, खेळाडू त्यांची फट शोधणारच.

नवा_वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. स्लीप, चार धनुष्ये आणि पांगलेली माणसे एवढ्यावर तार्नेश पडला आणि सरायीत खालिद व जाहिरा भेटले. आता नवी अडचण अशी, की वाटेत भेटलेले झार आणि माँटारॉनही माझ्याबरोबर आहेत, आणि ही दोन जोडपी एकमेकांना अत्यंत कडवट शब्दांत बोलतात. हे पुढे हाताबाहेर जाते का? आणि सगळेच नॅशकेल गावाला चला म्हणून मागे लागले आहेत, ते मनावर घ्यायचे का?

थॅकोशास्त्री

हाताबाहेर जाते. सुष्ट आणि दुष्ट सोबती फार काळ एकत्र ठेवले तर ते खरोखरच शस्त्रे उपसतात आणि त्यात कुणीतरी मरते. एक बाजू निवडा. निवडताना पार्टीच्या लौकिकाचाही विचार करा. लोकांची कामे केली, देवळात दान दिले की लौकिकाचा आकडा चढतो आणि दुकानातले भाव उतरतात. पण तो फार वर गेला की दुष्ट सोबती कुरकुर करत शेवटी सोडून जातात. फार खाली गेला तर सज्जन जातात. स्वस्ताईही हवी आणि झारही हवा, असे दोन्ही फार दिवस चालत नाही.

नॅशकेलचा तगादा खरा आहे. खालिद-जाहिरा काही काळ वाट पाहतात, मग बोलून दाखवतात, मग निघून जातात. पुढे नॅशकेलमध्ये मिन्स्क भेटेल आणि डायनाहेअरला सोडवायला चला म्हणेल. त्यालाही टाळत राहिलात तर त्याचा संयम सुटतो आणि तो तुमच्यावरच उलटतो. पडद्यावर घड्याळ दिसत नाही, पण हिशेब चालू असतो. प्रत्येक लढाईनंतर आठ-आठ तास झोपण्याची सवय इथे महागात पडते, कारण झोपेने हिट पॉइंट फारच थोडे भरतात आणि दिवस मात्र जातात. जाहिरा आणि पुरोहितांना जखम भरण्याचे मंत्र आठवायला लावूनच मुक्काम करा.

आलेखवहीवाले

जोडप्यांतला एकच हवा असेल तर एक जुनी युक्ती आहे. नको असलेल्याला एकट्याला एखाद्या घरात पाठवायचे आणि तो आत असतानाच त्याला पार्टीतून काढायचे. बाहेर उभा असलेला जोडीदार तुमच्याकडेच राहतो. नैतिकदृष्ट्या हे कसे दिसते, ते मी बोलत नाही.

नॅशकेलच्या खाणीत उतरण्यापूर्वी लेव्हल वाढवायची असेल, तर बेरेगोस्ट गावाच्या पूर्वेकडे एक बाग आहे. तिथे दगडी पुतळे दिसू लागले की समजा, बॅसिलिस्क जवळ आहेत. नजरेने माणसाचा दगड करणारा हा प्राणी पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पार्टीसाठी मुळीच नाही, परंतु दगड होण्यापासून वाचवणारा मंत्र जादूगाराच्या पहिल्याच पातळीवर मिळतो, आणि तो अंगावर असला की या प्राण्याकडे मोठेसे दुसरे हत्यार उरत नाही. मोठ्या बॅसिलिस्कचे ७,००० अनुभवगुण मिळतात, आणि योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलला २,००० पुरतात. गुण उपस्थितांत वाटले जातात, म्हणून या कामाला माणसे जितकी कमी तितकी प्रत्येकाची वाटणी मोठी. मूळ खेळात ८९,००० ला कमाल मर्यादा आहे, हेही ध्यानात असू द्या. योद्धा सातव्या लेव्हलच्या पुढे जात नाही.

त्याच बागेत कोराक्स नावाचा एक घूल (प्रेते खाणारा, मृतयोनीतला प्राणी) गोड बोलत सोबत येतो. त्याच्या पंज्याने शत्रू लुळा पडतो, त्यामुळे त्याला पुढे ठेवावे. पण त्याच्यावरची मोहिनी उतरली की तो तुमच्याच माणसांवर उलटतो, म्हणून धनुर्धारी कायम त्याच्यापासून लांब उभे करा, आणि दगडापासून वाचवणारा मंत्र ज्याच्यावर नाही अशा कुणालाही त्या पुतळ्यांच्या पलीकडे नेऊ नका.