मदत हवी आहे: डॉक्टर भाऊ मेडिकल पीजी करतोय, सुट्टी घेतली तर टर्म जाते का?

खडीसाखर
लहान भाऊ पीजी करतोय. धड जेवत नाही, झोपत नाही, फोन उचलत नाही. सायकिअ‍ॅट्रिस्टकडे चल म्हटलं तर म्हणतो टर्म जाईल, रजिस्ट्रेशनही जाईल. खरं आहे का? लवकर सांगा, सोमवारी त्याची इमर्जन्सी ड्यूटी आहे.

निशाचर
कितवं वर्ष, कुठली ब्रँच? मनाने काही गोळ्या घेतोय का? डॉक्टर घेतातच. मरणाचं काही बोलतो का? बोलत नसेल तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

सह्याद्रीपुत्र
इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवा. रात्री दुधातून अश्वगंधा.

निशाचर
नका हो. तीव्र नैराश्यात दहा दिवस मौन उलटू शकतं, अशांना तिथलेच लोक थांबायला सांगतात. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे हलतात, झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढते.

सह्याद्रीपुत्र
अ‍ॅलोपॅथीवाल्यांना आपलं काही चालतच नाही.

खडीसाखर
भांडू नका. जेआर१ (पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट), सर्जरी, सरकारी कॉलेज. झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ मिग्रॅची गोळी रोज रात्री, कधी दोन. 'सुटलो तर बरं' म्हणाला होता.

निशाचर
मग सोमवारची वाट बघू नका, आजच दाखवा. तोवर एकटा ठेवू नका, खोलीतल्या गोळ्या ताब्यात घ्या. रात्री अडलं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलतात; जिवाची भीती वाटली तर थेट कॅज्युअल्टी. अल्प्राझोलाम मात्र एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डोस सायकिअ‍ॅट्रिस्टच टप्प्याटप्प्याने उतरवतील. टीएसएच (थायरॉइड), बी१२, हिमोग्लोबिन या रक्ततपासण्या करून घ्या. एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध दिलं तर बहुधा ५ मिग्रॅने सुरू करून १० वर नेतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी. गुण यायला २ ते ४ आठवडे. डॉक्टर पेशंट नेमका या मधल्या काळात 'लागू पडत नाही' म्हणून गोळी सोडतो. बरं वाटल्यावरही किमान ६ महिने चालू ठेवायची.

जुनं_खोड
रेसिडेन्सी अशीच असते. हल्लीची पोरं नाजूक.

कायदेकानू
नाजूक? रेसिडेंट डॉक्टरांसाठी केंद्राच्या ५ जून १९९२ च्या निर्देशातच सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) टास्क फोर्सने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक सुट्टी सुचवली. वॉर्डात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.
मूळ प्रश्न: पीजीएमईआर २०२३ (एनएमसीचे पीजीचे नियम) प्रमाणे वर्षाला २० पगारी रजा, हजेरी ८० टक्के. रजा जास्त झाली तर तेवढेच दिवस कोर्स लांबतो, सीट जात नाही. नुसते उपचार घेतले म्हणून रजिस्ट्रेशनही जात नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २३ नुसार माहिती गोपनीय.

आईची_काळजी
विषय निघालाच आहे तर, मुलीने डर्मा घ्यावं की रेडिओ?

निशाचर
वेगळा धागा काढा.

खडीसाखर
त्याच्याच हॉस्पिटलात दाखवू? आणि एचओडींना (विभागप्रमुखांना) काय सांगू?

निशाचर
आज लगेच दुसरीकडे जमत नसेल तर तिथेच दाखवा, उशीर नको. जमलं तर बाहेर बरं: स्वतःच्या हॉस्पिटलात केसपेपर निघाला की रजिस्टरला नाव चढतं आणि ओपीडीत बॅचमेट बसलेला असतो. एचओडींना निदान सांगायची गरज नाही. सर्टिफिकेटवर 'उपचार सुरू, विश्रांती आवश्यक' आणि तारखा एवढंच मागा. अर्जाची आवक शिक्क्याची प्रत ठेवा, तोंडी रजा पुढे कुणी मानत नाही. रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट लागेल. नाइट ड्यूटी काही दिवस नको, हे त्यातच लिहून घ्या.